पॉसानिअसची पोथी आणि ग्रीसचे दगड

एखाद्या स्थळाचा इतिहास ठरवितांना पोथीचें प्रामाण्य मोठें कीं जमिनींतून निघालेल्या वस्तूचें, हा वाद संशोधकांच्या बैठकींत नवा नाहीं. पोथीवाले म्हणतात, दगड मुका आहे. कुदळवाले म्हणतात, पोथी खोटें बोलते. या वादाचा निर्णय आपल्याकडील उदाहरणांवरून करूं गेल्यास कुळाचा, गांवाचा किंवा पंथाचा अभिमान आडवा येतो. म्हणून ज्या देशांत आपलें कांहींच गुंतलेलें नाहीं अशा देशांतील एखादें उदाहरण जाग्यावर जाऊन तपासावें, असें पुष्कळ दिवस मनांत होतें. गेल्या वर्षीं वैशाखांत भाड्याची मोटार घेऊन ग्रीस देशांत आठ दिवस हिंडण्याचा योग आला, तेव्हां ती इच्छा पुरी झाली. त्या प्रवासांतील इतिहासोपयोगी भाग येथें टिपून ठेवितों. खाण्यापिण्याची व हवापाण्याची हकीकत वाचकांच्या उपयोगाची नसल्यामुळें गाळली आहे.

मोटार हांकण्याचें काम माझ्या पुतण्यानें केलें. त्या देशांत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात, त्यामुळें पहिला दिवस त्यास जड गेला; पुढें हात बसला. त्याच्यापुढें फोनवरील नकाशा होता, आणि माझ्या मांडीवर पॉसानिअसच्या ग्रंथाचें फ्रेझरकृत इंग्रजी भाषांतर (१८९८). ग्रीक भाषा मला अल्पच येते. म्हणून जेथें एखाद्या शब्दावर अर्थ अडला, तेथें मूळ संहिता व दुसरें एक भाषांतर ताडून पाहिलें. अथेन्सहून कॉरिंथ, मायसीनी, एपिडॉरस, स्पार्टा, मेसीनी, ऑलिंपिया, डेल्फी व परत अथेन्स असा सुमारें हजार किलोमीटरांचा फेरा झाला.

(१) ग्रंथ व त्याची परंपरा

पॉसानिअस हा आशिया मायनरमधील, बहुधा लिडिया प्रांतांतील, राहणारा. त्याच्या ग्रंथाचे दहा भाग आहेत. त्यांत अथेन्सच्या आटिका प्रांतापासून डेल्फीच्या फोकिस प्रांतापर्यंत व त्याच्या शेजारापर्यंत ग्रीसचें वर्णन आहे. ग्रंथास 'पेरिएगेसिस' म्हणतात. त्याचा अर्थ हिंडवून दाखविणें. त्याचा काळ ठरविण्यास ग्रंथांतच साधन आहे. पांचव्या भागाच्या आरंभीं तो म्हणतो कीं, कॉरिंथ नगर पुन्हां वसल्यास २१७ वर्षें झालीं. तें नगर जूलिअस सीझरनें इ. स. पू. ४४ मध्यें वसविलें. म्हणजे हा भाग इ. स. १७४ च्या सुमारास लिहिला गेला. अशा एका अंतर्गत आंकड्यावरून ग्रंथाचा शक निघतो, हें पोथ्या चाळणारांस सांगावयास नको.

ग्रंथकार कोणत्या वृत्तीचा होता, हें त्यानें स्वतःच एके ठिकाणीं सांगितलें आहे. ग्रीक लोक जें सांगतात तें लिहिणें मला प्राप्त आहे, पण तें सर्व खरें मानणें प्राप्त नाहीं, असा त्याचा आशय आहे. बखरीचा उपयोग करणारानें हा नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

आतां या ग्रंथाच्या परंपरेकडे वळूं. कारण या लेखाचें मुख्य प्रयोजन तेथेंच आहे. ग्रंथ लिहिला गेल्यावर त्याकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. सहाव्या शतकांत बिझांटिअमच्या स्टेफानसनें आपल्या स्थलनामकोशांत त्याचा उपयोग केला. त्यापूर्वीं कोणी त्याचें नांव घेतल्याचा निर्विवाद पुरावा नाहीं. पुढें पंधराव्या शतकांत या ग्रंथाची एक प्रत फ्लॉरेन्स येथील प्रसिद्ध ग्रंथसंग्राहक निकोलो निकोली याच्या संग्रहीं आढळते. निकोली १४३७ मध्यें वारला व त्याचा संग्रह सान मार्कोच्या मठांत गेला. त्या मठांतून ही प्रत पुढें नाहींशी झाली, ती आजतागायत सांपडली नाहीं. परंतु नाहींशी होण्यापूर्वीं तिच्यावरून नकला झाल्या होत्या. आज यूरोपांतील ग्रंथालयांत या ग्रंथाच्या ज्या हस्तलिखित प्रती आहेत, त्या सर्वांचें मूळ ती एकच प्रत होय, असा पाठसंशोधकांचा निर्णय आहे. १५१६ मध्यें व्हेनिस येथें मुसूरसनें संपादिलेला ग्रंथ आल्डसच्या छापखान्यांतून बाहेर पडला, आणि मग तो नष्ट होण्याचें भय उरलें नाहीं.

पुढील सर्व हकीकत वाचतांना ही गोष्ट विसरतां कामा नये. एक प्रत, एक संग्राहक, आणि ती मागावयास आलेल्या नकलनविसांस "नाहीं" न म्हणण्याची रीत, एवढ्यावर पुढचें सर्व उभें आहे.

(२) कॉरिंथ

अथेन्सहून निघाल्यावर संयोगभूमीचा कालवा लागतो. हा १८९३ मध्यें खुला झाला. त्याची लांबी सहा किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. हल्लींचा प्रवासी पुलावर थांबून खालीं पाहतो व पुढें जातो. पण पॉसानिअसच्या वेळींही येथें पाहण्यासारखें होतें. पेलोपोनेसस प्रांताचें बेट करूं पाहणारानें काम अर्धवट टाकलें आणि खणण्यास कोठें आरंभ केला ती जागा दिसते, असें तो लिहितो. नीरो बादशहानें इ. स. ६७ मध्यें केलेल्या उद्योगाचा हा निर्देश मानतात. नवा कालवा त्याच रेषेनें गेला असल्यानें ती जुनी खूण बरीचशी पुसली गेली आहे.

जुन्या कॉरिंथांत अमेरिकन विद्वान १८९६ पासून उत्खनन करीत आहेत. तेथें एका फार प्राचीन देवळाचे सात स्तंभ उभे आहेत. त्या देवळावर देवतेचें नांव लिहिलेलें नाहीं. बाजारचौकांतून सिकिऑनकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजव्या हातास अपोलोचें देऊळ आहे, असें पॉसानिअस सांगतो, त्यावरून तें अपोलोचें ठरलें आहे. येथें माझी फजिती झाली, ती सांगतों. आम्हीं पदार्थसंग्रहालयाच्या बाजूनें आंत शिरलों व त्याचें वर्णन घेऊन चालूं लागलों. वर्णनांतील एकही वस्तु जागीं लागेना. दुपार टळल्यावर लक्षांत आलें कीं, तो चौकांतून बाहेर चालला आहे व आम्हीं बाहेरून चौकाकडे; त्यामुळें त्याचें उजवें तें आमचें डावें झालें होतें. मग चौकांत जाऊन पुन्हां आरंभ केला, तेव्हां गुहांसारख्या कोठड्यांचें पिरीनी नांवाचें पाणवठ्याचें स्थान, तो रस्ता व तें देऊळ यांची संगति लागली.

ही चूक मजहून फार मोठ्या माणसानें केली आहे. विलामोवित्स हा पुढें जर्मनींतील ग्रीक विद्येचा अग्रणी झाला. १८७३ मध्यें, तरुण असतां, कांहीं प्रतिष्ठित प्रवाशांस पॉसानिअसच्या आधारें ऑलिंपियाहून हेराइआकडे वाट दाखविण्याचें त्यानें पत्करलें व चारचौघांत त्याची फसगत झाली. ग्रंथांत ती वाट उलट दिशेनें वर्णिलेली आहे, हें त्यास वेळीं उमगलें नाहीं. पुढें त्यानें जन्मभर पॉसानिअसवर अविश्वास दाखविला व त्यानें स्थळें स्वतः पाहिलींच नाहींत असा पक्ष उचलला. उत्खननांनीं तो पक्ष टिकूं दिला नाहीं. वाचणारानें उलट बाजूनें चालावें आणि दोष पोथीवर ठेवावा, हें आपल्याकडेही घडतें.

(३) मायसीनी

मायसीनीचें सिंहद्वार कधींच लुप्त झालें नव्हतें. तें पॉसानिअसनेंही पाहिलें. द्वारावर समोरासमोर उभ्या दोन सिंहांचें शिल्प आहे. आंतील थडग्यांविषयीं तो लिहितो कीं, ॲगामेम्नॉन व त्याच्याबरोबर मारले गेलेले लोक येथें पुरले आहेत. परंतु त्याची घातकी राणी क्लायटेम्नेस्ट्रा व तिचा जार यांस आंत पुरण्यास अयोग्य मानून तटापासून कांहीं अंतरावर पुरलें.

येथें "तट" म्हणजे कोणता तट, यावर मतभेद होता. बहुतेक विद्वान बाहेरच्या नगराचा तट समजत. श्लीमाननें तो बालेकिल्ल्याचा तट धरिला व १८७६ मध्यें सिंहद्वारापासून कांहीं पावलांवर खणूं लागला. पांच खोल थडगीं लागलीं. पुढल्या वर्षीं स्टामाटाकिसनें सहावें उघडलें. सहांत मिळून १९ प्रेतें निघालीं आणि सोन्याचे मुखवटे, पात्रें व जडावाच्या कट्यारी यांची रास लागली. ती आज अथेन्सच्या राष्ट्रीय पदार्थसंग्रहालयांत आहे.

एका शब्दाच्या अर्थावर कुदळ पडली आणि शब्द खरा ठरला. येथवर पोथीवाल्यांचा जय झाला. परंतु श्लीमान पुढें गेला. पोथींत ॲगामेम्नॉनचें नांव आहे, थडगीं सांपडलीं आहेत, तेव्हां हींच ॲगामेम्नॉनचीं, असें त्यानें धरून चालविलें. थडगीं इ. स. पू. सोळाव्या शतकांतलीं आहेत, आणि ट्रॉयच्या पाडावाचा परंपरागत शक इ. स. पू. ११८४ हा आहे. मध्यें तीनशेंहून अधिक वर्षें जातात. म्हणजे किल्ल्याच्या आंत राजांचीं थडगीं आहेत, ही गांवाची आठवण खरी. त्या राजांचीं नांवें मात्र पुढील काळच्या कथांवरून चिकटलीं. पॉसानिअसच्या वेळीं तीं थडगीं जमिनीखालीं गाडलेलीं होतीं; त्यानें तीं पाहिलीं नाहींत, ऐकलेलें लिहिलें. ऐकीव वृत्तांतांत स्थळ टिकतें व व्यक्ति बदलते. एखाद्या गांवींची समाधि अमुक सरदाराची म्हणून सांगतात, तेव्हां समाधि जुनी असेल पण सरदार दुसरा असेल, ही शंका ठेवणें यासाठीं अवश्य आहे.

(४) एपिडॉरस व स्पार्टा

एपिडॉरस येथें वैद्यदेव आस्क्लेपिअस याचें क्षेत्र आहे. तेथील प्रेक्षागृहाची कीर्ति सर्वत्र आहे, तिचा विस्तार करीत नाहीं. पोथीच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. आवारांत पूर्वीं पुष्कळ शिला होत्या, आतां सहा उरल्या आहेत, त्यांवर बऱ्या झालेल्या रोग्यांचीं नांवें, रोग व उपाय डोरिक बोलींत कोरलेले आहेत, असें पॉसानिअस लिहितो. काव्हाडिआसनें १८८१ पासून येथें उत्खनन केलें, तेव्हां अशा शिला सांपडल्या. भाषा डोरिक, मजकूर रोग्यांचाच. त्या संग्रहालयांत आहेत. अक्षरें पाहून फार समाधान झालें.

स्पार्टा येथें याउलट. ज्या नगरानें अथेन्सचा पाडाव केला, तेथें प्राचीन अवशेष थोडके आहेत. थुसिडिडीसनें हें आधींच ताडलें होतें. स्पार्टा ओस पडली तर तिच्या पायांवरून तिचें सामर्थ्य पुढच्या लोकांस पटणार नाहीं, आणि अथेन्स ओस पडल्यास तिचें सामर्थ्य दुप्पट वाटेल, असा त्याचा अभिप्राय आहे. केवळ दगडांवर विसंबणारांनीं तो लक्षांत ठेवावा.

(५) मेसीनी

स्पार्टाहून टायगेटस पर्वताचा घाट उतरून कालामाटास आलों व तेथून मेसीनीस. हें नगर इ. स. पू. ३६९ मध्यें थीब्जच्या एपामिनोंडासनें वसविलें. याच्या तटास पॉसानिअस दगडी बुरुजांचा पक्का तट म्हणून वाखाणतो. सुमारें नऊ किलोमीटरांचा तो तट डोंगरावरून अद्याप फिरतो. त्याचा आर्केडियाकडील दरवाजा गोल चौकाचा आहे, आणि हल्लींचा मोटाररस्ता त्यांतूनच जातो. पुतण्यानें मोटार हळू घातली. तेवीसशें वर्षांपूर्वीं वेशीसाठीं सोडलेल्या वाटेनें आपण आजही वेशीचीच वाट म्हणून जातों आहों, हें मनांत येऊन दोघेही कांहीं वेळ बोललों नाहीं.

याच मेसीनीच्या प्रकरणांत आपल्या देशाचा उल्लेख आहे. आरिस्टोमेनीस नांवाचा तेथील वीर मरणोत्तर लेउक्ट्राच्या लढाईंत हजर होता, असें गांवचे लोक सांगत. त्यावर पॉसानिअस म्हणतो कीं, मनुष्याचा आत्मा अमर आहे हें प्रथम खाल्डियन व हिंदी ज्ञात्यांनीं सांगितलें. गीतेची संथा घेतलेल्या माणसास, त्या डोंगराच्या कुशींत उभें राहून हें वाचतांना काय वाटलें असेल, तें वाचकांनींच जाणावें.

(६) ऑलिंपिया

ऑलिंपियाचें क्षेत्र नद्यांच्या गाळाखालीं बुडालें होतें. चँडलर या इंग्रज प्रवाशानें १७६६ मध्यें तें ओळखलें, व जर्मन विद्वानांनीं १८७५ पासून तें उकललें. खणणारांच्या हातीं पॉसानिअसचे दोन पूर्ण भाग होते. हेराच्या देवळांत बाल डायोनायसस कडेवर घेतलेला हर्मीस आहे, तो संगमरवरी असून प्राक्सिटेलीसचें काम आहे, असें तो सांगतो. १८७७ मध्यें त्याच देवळांत, पडलेल्या मातीच्या भिंतींखालीं, तीच मूर्ति निघाली. ती मूळची प्राक्सिटेलीसची कीं मागाहून केलेली प्रतिकृति, याबद्दल कलाज्ञांत वाद आहे. पण पॉसानिअसनें जेथें पाहिली तेथेंच ती होती, यांत वाद नाहीं.

याहूनही बोधप्रद उदाहरण विजयदेवतेच्या मूर्तीचें आहे. मेसीनीच्या लोकांनीं अर्पण केलेली, पेओनिअस शिल्पकाराची विजयदेवता एका उंच स्तंभावर आहे, असें लिहून पॉसानिअस दोन मतें देतो. मेसीनीचे लोक म्हणत कीं, ही स्फाक्टेरियाच्या लढाईची (इ. स. पू. ४२५) आठवण, परंतु स्पार्टाच्या भयानें आम्हीं शत्रूचें नांव कोरलें नाहीं. पॉसानिअसचें स्वतःचें मत निराळें. तो हें दान आधींच्या एका युद्धांतलें मानतो. १८७५ मध्यें ती मूर्ति व तिच्या बैठकीवरील लेख निघाला. लेखांत मेसीनी व नाउपाक्टस येथील लोकांचें नांव आहे, शत्रूच्या लुटीचा दशमांश अर्पिल्याचें आहे, पेओनिअसचें नांव आहे, आणि शत्रूचें नांव खरोखरच नाहीं. आजच्या विद्वानांचा कल मूर्तीच्या घडणीवरून त्या लोकांच्या सांगण्याकडे आहे. म्हणजे ग्रंथकाराचें मत बहुधा चुकलें, परंतु विरुद्ध मत त्यानें प्रामाणिकपणें टिपून ठेविलें, म्हणून त्याच्यावांचूनही आपणांस निर्णय करतां आला. आपणांस न पटलेली हकीकत गाळून टाकणारा लेखक व ती टिपून मग खोडून काढणारा लेखक, यांतील अंतर केवढें आहे हें यावरून कळावें.

(७) डेल्फी

पात्राजवळ समुद्राची खाडी ओलांडण्यास पूर्वीं होडीचाच मार्ग होता. २००४ पासून २८८० मीटर लांबीचा पूल झाला आहे. तो ओलांडून डेल्फीस गेलों. कास्त्री नांवाचें गांव क्षेत्रावर वसलें होतें. तें हलवून फ्रेंच विद्वानांनीं १८९२ पासून उत्खनन केलें.

प्लाटीआच्या विजयानंतर ग्रीकांनीं येथें तीन सर्पांच्या विळख्याचा धातूचा स्तंभ अर्पिला होता. त्यावरील सोनें फोकिसच्या लोकांनीं लांबविलें, धातूचा भाग राहिला आहे, असें पॉसानिअस सांगतो. तो भागही पुढें कॉन्स्टंटाइन बादशहानें आपल्या नव्या राजधानींत नेला. इस्तंबूलच्या जुन्या घोडमैदानांत तो आजही उभा असून त्यावर ३१ राज्यांचीं नांवें आहेत. डेल्फींत त्याची रिकामी जागा पाहावी लागते.

देवळाच्या पुढच्या भागांत सप्तर्षींचीं बोधवचनें लिहिलीं आहेत, असेंही त्याचें सांगणें आहे. डेल्फी येथील तो लेख हातीं लागलेला नाहीं. परंतु इ. स. पू. तिसऱ्या शतकांत क्लेआर्कोस नांवाच्या गृहस्थानें येथें येऊन तीं वचनें काळजीपूर्वक उतरून घेतलीं, आणि हजारों कोस दूर, वक्षु नदीच्या कांठीं, हल्लींच्या अफगाणिस्तानांतील आई खानुम येथें, कीनेआसच्या समाधिस्थानीं कोरून ठेविलीं. त्या शिलेचे अवशेष विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत फ्रेंच उत्खननांत निघाले. मूळ गेलें आणि नक्कल राहिली. तीही आपल्या बाल्हीक देशांत.

(८) उपसंहार

या आठ दिवसांत जें पाहिलें त्यावरून आरंभींच्या वादाचा निर्णय असा दिसतो. पोथी स्थळ दाखविते, पण तिची दिशा ओळखून चाललें पाहिजे. पोथींतील नांव जमिनीच्या साक्षीवांचून कायम करूं नये. आणि ज्या स्थळास पोथी नाहीं, त्याचे दगड नांवावांचून राहतात. या तिसऱ्या गोष्टीचें उदाहरण आपल्या दारींच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहांत स्तंभ देणाऱ्या कित्येक यवनांनीं आपलें गांव धेनुकाकट म्हणून कोरलें आहे. दानें आहेत, नांवें आहेत, अक्षरें स्वच्छ आहेत. पण धेनुकाकट कोठें होतें, यावर विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं. त्या गांवच्या वाटेचें वर्णन करणारी पोथी कोणाच्याही हातीं लागलेली नाहीं.

आपल्याकडे असे ग्रंथच नाहींत असें मात्र नव्हे. चक्रधरस्वामी जेथें जेथें राहिले, तेथील देवळें, मठ, नदीचें अंग व दाराची दिशा टिपून ठेवणारी महानुभावांची स्थानपोथी आहे. मराठी देशाच्या जुन्या स्थळांसाठीं तिचें मोल पॉसानिअसहून कमी नाहीं. कनिंगहॅमनें ह्युएन्त्संगाचा ग्रंथ हातीं धरून उत्तर हिंदुस्थानांतील बौद्ध स्थळें लाविलीं, तसें स्थानपोथी हातीं धरून गोदातीरीं गांवोगांव हिंडण्याचें काम अजून पुष्कळ करण्याजोगें आहे. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांच्या कुलुपांत होत्या, तरी त्या मठांत जपल्या गेल्या व नकला होत राहिल्या, म्हणून हें शक्य आहे.

शेवटीं स्वतःचा एक अपराध नमूद करतों. चाळीस वर्षांपूर्वीं, शिक्षकाची नोकरी नवी असतां, कृष्णाकांठच्या एका वाड्यांत मला एक पोथी दाखविण्यांत आली होती. तींत त्या पंचक्रोशींतील देवळें, घाट, कुंडें व त्यांच्या पूजेचे मानकरी क्रमानें दिले होते. वेळ थोडा होता. दिवाळीच्या सुटींत येऊन नक्कल करूं, असें म्हणून मीं ती परत बासनांत बांधून दिली. सुटींत दुसरें काम निघालें. दोन वर्षांनीं गेलों तेव्हां यजमान वारले होते, आणि घरच्यांनीं भाविकपणें सर्व पोथ्या नदींत सोडल्या होत्या. त्या पंचक्रोशींतील दोन देवळें आज चौथऱ्याएवढीं उरलीं आहेत. तीं कोणाचीं हें सांगणारें कोणी नाहीं. मीं ती पोथी दोन घटका हातीं धरली होती, एवढेंच मला सांगतां येतें.

निकोलीची प्रतही नाहींशी झाली. पण तिच्या नकला झाल्या होत्या, आणि तेवढ्यानें ऑलिंपियाच्या दगडांस नांवें मिळालीं. ज्यांच्या घरीं बासनें आहेत त्यांस माझी हात जोडून एवढीच विनंति कीं, मूळ पोथी देऊं नका, पण छायाचित्र घेऊं द्या, नक्कल करूं द्या. आणि जे नकलेस जातील त्यांनीं दिवाळीच्या सुटीची वाट पाहूं नये.